रोजगाराचे आश्वासन आणि रोजगाराची हमी: पक्षांच्या धोरणांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवडणूक जाहीर झाली की रोजगार हा विषय प्रत्येक पक्षाच्या जाहीरनाम्यात पहिल्या काही पानांतच येतो. पुढील प्रश्न ग्रामसभांत, मतदारांच्या बैठकांत आणि स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत पुन्हापुन्हा ऐकू येतात. कोणत्या पक्षाला मत द्यावे हे येथे सांगितलेले नाही. महाराष्ट्रातील मतदाराने रोजगाराचे धोरण कसे तपासावे, एवढाच या उत्तरांचा हेतू आहे.

जाहीरनाम्यातील रोजगाराचे आश्वासन पाळणे पक्षावर कायद्याने बंधनकारक असते का?

नाही. जाहीरनामा हा मतदाराशी केलेला करार मानला जात नाही आणि त्यातील वचन मोडले म्हणून पक्षावर दावा लावता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ५ जुलै २०१३ रोजी सुब्रमण्यम बालाजी विरुद्ध तामिळनाडू राज्य या प्रकरणात असा निर्णय दिला, की जाहीरनाम्यातील आश्वासने लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ मधील भ्रष्ट आचरणात मोडत नाहीत. त्याच निकालात न्यायालयाने निवडणूक आयोगाला जाहीरनाम्यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे तयार करण्यास सांगितले आणि त्यानुसार आदर्श आचारसंहितेत स्वतंत्र भाग आला. आश्वासनामागील कारणमीमांसा जाहीरनाम्यात दिसावी, त्यासाठी लागणारा पैसा कोणत्या मार्गाने उभा राहील हे ढोबळपणे सांगावे आणि पूर्ण करता येण्याजोग्या आश्वासनांवरच मतदाराचा विश्वास मागावा, अशी अपेक्षा त्यात नोंदवलेली आहे. ही अपेक्षा बहुतेक मतदारांना ठाऊकच नसते, म्हणून ती कोणी विचारतही नाही. माझ्या मते ती विचारायला हवी.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ४१ मध्ये कामाच्या हक्काचा उल्लेख आहे, पण तो राज्याच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत आणि मार्गदर्शक तत्त्वांच्या स्वरूपात आहे. अनुच्छेद ३७ नुसार ही तत्त्वे न्यायालयामार्फत अमलात आणून घेता येत नाहीत. त्यामुळे कामाचा हक्क हवा असेल, तर विधिमंडळाने किंवा संसदेने स्वतंत्र कायदा करावा लागतो. आश्वासन आणि हमी यांतला फरक येथूनच सुरू होतो.

"पाच वर्षांत इतके लाख रोजगार" हा आकडा कसा वाचावा?

आकड्याच्या मागचे क्रियापद आधी पाहावे. "देऊ", "निर्माण करू", "निर्माण होतील" आणि "संधी उपलब्ध करून देऊ" ही चार वेगवेगळी वचने आहेत. सरकारी पद भरायचे असेल तर सरकार नोकरी देते. रस्ता, तलाव किंवा सिंचनाचे काम काढले तर सरकार काम निर्माण करते. कारखाना आला तर नोकरी कारखानदार देतो आणि सरकारने जमीन, वीज किंवा सवलत दिलेली असते. कर्ज मिळाले तर धंद्याची जोखीम कर्ज घेणाऱ्याच्याच डोक्यावर राहते. अनेक जाहीरनाम्यांत ही चारही प्रकारची कामे एकाच बेरजेत टाकलेली असतात आणि बेरीज मोठी दिसते.

म्हणून आकडा वाचताना तीन गोष्टी शोधाव्यात. पहिली, त्या आकड्यात पूर्ण वर्षभराच्या नोकऱ्या किती आणि काही दिवसांची कामे किती. दुसरी, हा आकडा निव्वळ वाढीचा आहे की निवृत्त झालेल्यांच्या जागा भरण्याचा. तिसरी, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की ठरलेल्या मुदतीत काम मिळाले नाही तर काम मागणाऱ्याच्या हातात काय उरते. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे थोड्या चौकशीने मिळू शकतात. तिसऱ्या प्रश्नापाशी बहुतेक धोरणे गप्प होतात.

रोजगार धोरणाची चर्चा निघाली की महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेचा दाखला इतक्यांदा का दिला जातो?

कारण तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्या योजनेने कायद्याच्या कलमात लिहून दिले. या विचाराचा पाठपुरावा वि. स. पागे यांनी केला. ते विधान परिषदेचे सभापती होते. १९६५ मध्ये सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यात, विसापूर परिसरात हा प्रयोग छोट्या प्रमाणावर झाला. पुढे १९७२ चा दुष्काळ आला, खेड्यापाड्यांतील लाखो माणसे खडी फोडायला आणि पाझर तलावांच्या कामांवर आली आणि मागेल त्याला काम देणे शासनाला शक्य आहे हे प्रत्यक्षात दिसले. १९७७ मध्ये विधिमंडळाने महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम संमत केला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला.

या कायद्याची रचना आजही बारकाईने वाचण्यासारखी आहे. ग्रामीण भागातील प्रौढ व्यक्तीने अंगमेहनतीचे अकुशल काम मागितले, तर शासनाने ते द्यायचे. मागणी करणाऱ्याची निवड शासनाने करायची नाही, गरीब कोण आणि लायक कोण हे कार्यालयाने ठरवायचे नाही. काम कष्टाचे आणि मजुरी बेताची असल्यामुळे ज्याला खरोखर गरज आहे तोच येईल, हे त्यामागचे साधे गृहीतक होते. काम देता आले नाही तर बेरोजगार भत्ता द्यायचा. भत्त्याची रक्कम अगदीच किरकोळ होती, पण ती देण्याचे बंधन शासनावर होते, म्हणजे काम न देण्याची किंमत कागदावर आली.

दुसरे वैशिष्ट्य पैशाचे. आश्वासन आधी आणि तरतूद नंतर, असा प्रकार येथे झाला नाही. १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा आला. तो कर आणि इतर काही विशेष कर रोजगार हमी निधीकडे वळवून शासनाने त्यात तेवढीच भर घालायची, अशी व्यवस्था ठरली. आजही पगारपत्रकावर दर महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात, तो हाच व्यवसाय कर. राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ मुळे त्याची वार्षिक मर्यादा २५०० रुपये आहे. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून कापलेली रक्कम दुष्काळी गावातल्या मजुराच्या कामासाठी वापरायची, हा निर्णय विधिमंडळाने सर्व पक्षांच्या संमतीने घेतला होता. महाराष्ट्राच्या राजकारणातील ही फार मोठी गोष्ट आहे आणि ती तरुण मतदारांना शिकवली जायला हवी.

२००५ मध्ये संसदेने याच धर्तीवर देशासाठी कायदा (मनरेगा) केला आणि २ फेब्रुवारी २००६ पासून तो २०० जिल्ह्यांत सुरू झाला. ग्रामीण कुटुंबाला वर्षात १०० दिवस काम, मागणीनंतर १५ दिवसांत काम, न मिळाल्यास पहिल्या ३० दिवसांसाठी मजुरीच्या किमान एक चतुर्थांश आणि पुढे किमान निम्मा भत्ता, काम ५ किलोमीटरपेक्षा दूर असल्यास १० टक्के जादा मजुरी, अशा त्याच्या तरतुदी होत्या. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात दिवस १२५ करण्यात आले आणि बहुतेक राज्यांवर खर्चाचा ४० टक्के वाटा टाकण्यात आला. दिवसांच्या संख्येची चर्चा खूप होते. मतदाराने तेवढ्याच आस्थेने राज्याच्या अर्थसंकल्पात त्या ४० टक्क्यांची तरतूद दिसते का, हे पाहावे.

कायद्यात हमी असूनही अनेक गावांत काम का मिळत नाही?

याचे उत्तर एका छोट्या कागदात आहे. २००५ च्या कायद्याखाली काम मागण्याचा अर्ज म्हणजे नमुना ४ आणि त्याची तारीख घातलेली पोचपावती म्हणजे नमुना ५. पंधरा दिवसांची मुदत पावतीवरच्या तारखेपासून मोजली जाते, त्यामुळे पावती नसेल तर मुदत सुरूच होत नाही आणि भत्ताही लागू होत नाही.

मी पाहिलेला एक प्रसंग असा. उन्हाळ्याच्या तोंडावर सात-आठ बायका ग्रामपंचायतीच्या ओट्यावर आल्या होत्या. प्रत्येकीच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले जॉब कार्ड होते. आतून उत्तर आले, "नावे वहीत घेतली आहेत, काम निघाले की कळवतो." वहीच्या त्या पानावर तारीख नव्हती. एक बाई अर्ज लिहून आणण्याइतकी जाणती होती, तिचा अर्ज घेतला गेला, पण पावतीवर सही झाली आणि तारखेची जागा कोरी राहिली. "तारीख साहेब आल्यावर टाकू," असे तिला सांगण्यात आले. काम पावसाळ्याच्या तोंडावर निघाले आणि तोवर त्यांतल्या दोघी कुटुंबासह गाव सोडून गेल्या होत्या. कायदा मोडला गेला होता, पण तो मोडल्याचा पुरावा कोणाच्याही हातात नव्हता.

म्हणून रोजगार हमी बळकट करण्याचे आश्वासन देणाऱ्या पक्षाने मजुरी किती वाढवणार एवढेच सांगणे पुरेसे नाही. तारखेसह पावती देण्याचे बंधन कोणावर, ती न दिल्यास दंड कोणाला आणि भत्त्याची रक्कम प्रत्यक्ष किती जणांना दिली गेली याचा आकडा दरवर्षी जाहीर होणार का, हे त्याने सांगायला हवे. कामे शेल्फवर तयार असणे, म्हणजे मागणी येण्याआधीच आराखडे व तांत्रिक मंजुरी पूर्ण असणे, हीदेखील अंमलबजावणीची अट आहे. ज्या तालुक्यात शेल्फ रिकामे असते, तेथे मागणी कशीही आली तरी ती परतवली जाते.

"बेरोजगारीचा दर घटला" असे एक पक्ष म्हणतो आणि "बेरोजगारी वाढली" असे दुसरा. दोन्ही खरे कसे असू शकते?

दोघे वेगवेगळ्या मोजपट्ट्या वापरत असतात. देशातील मुख्य अधिकृत स्रोत म्हणजे २०१७-१८ पासून होणारे आवर्ती श्रमबल सर्वेक्षण. त्यात वर्षभराच्या नेहमीच्या स्थितीनुसार आणि आठवड्याच्या स्थितीनुसार असे दोन्ही दर काढले जातात. आठवड्याच्या मोजणीत एखाद्याने त्या सात दिवसांत कोणत्याही एका दिवशी किमान १ तास काम केले, तर तो रोजगारात धरला जातो. ही व्याख्या जगभर चालते आणि तिच्यात लबाडी नाही, पण १ तास काम मिळणे आणि पोट भरणे यांत मोठे अंतर आहे.

नेहमीच्या स्थितीनुसार १५ वर्षांवरील लोकांमधील बेरोजगारीचा दर २०१७-१८ मध्ये ६.० टक्के होता आणि २०२३-२४ मध्ये ३.२ टक्के झाला. हा आकडा सत्तेतील पक्ष सांगेल आणि तो खरा आहे. त्याच काळात एकूण काम करणाऱ्यांमध्ये स्वयंरोजगारातील लोकांचा वाटा ५२.२ टक्क्यांवरून ५८.४ टक्क्यांवर गेला आणि नियमित पगारदारांचा वाटा २२.८ टक्क्यांवरून २१.७ टक्क्यांवर आला. हा आकडा विरोधी पक्ष सांगेल आणि तोही खरा आहे. स्वयंरोजगारात मोठा दुकानदारही येतो आणि घरच्या शेतात बिनपगारी राबणारी सूनही येते. शेतीत काम करणाऱ्यांचा वाटा याच काळात ४४.१ टक्क्यांवरून ४६.१ टक्क्यांवर गेला, आणि शेतीतून माणसे बाहेर पडून चांगल्या पगाराच्या कामाकडे जावीत असे सर्व पक्ष म्हणत असताना ही वाढ झाली, हे लक्षात ठेवावे.

भविष्य निर्वाह निधीच्या नव्या सदस्यांचा आकडा म्हणजे नव्या नोकऱ्या का?

पूर्णपणे नाही. हा कायदा सर्वसाधारणपणे २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना लागू होतो. आस्थापनेत १९ जण होते आणि विसावा आला, तर वीसही जण त्या महिन्यात नव्याने नोंदले जाऊ शकतात. त्यांतील नवी नोकरी एकच असते. नोंदणी वाढणे चांगलेच आहे, कारण त्या माणसांना भविष्य निर्वाह निधी मिळतो, पण ती नोकरीची निर्मिती म्हणून मोजू नये.

"सर्व रिक्त सरकारी पदे भरू" हे आश्वासन कितपत विश्वासार्ह आहे?

सरकारी पद हे पक्षाच्या थेट हातातील रोजगार आहे, त्यामुळे येथे सबबीला जागा कमी असते. पण या आश्वासनाचे टप्पे समजून घ्यावेत. पद मंजूर असणे, वित्त विभागाने भरतीला मान्यता देणे, बिंदुनामावली (कोणते पद कोणत्या प्रवर्गाचे हे दाखवणारा तक्ता) तपासून आरक्षण निश्चित होणे, मागणीपत्र जाणे, जाहिरात, परीक्षा, निकाल, कागदपत्रांची पडताळणी आणि नियुक्ती, हा सगळा प्रवास पूर्ण झाल्यावर एक नोकरी मिळते. यातला कोणताही टप्पा अडला की सगळे अडते. निवड यादीत नाव आले म्हणून नियुक्तीचा अबाधित हक्क मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९१ मध्येच स्पष्ट केले आहे.

उमेदवाराच्या बाजूने पाहिले तर चित्र असे दिसते. २०२३ च्या तलाठी भरतीत ४६४४ पदे होती आणि दहा लाखांहून अधिक अर्ज आले. खुल्या प्रवर्गासाठी शुल्क १००० रुपये आणि राखीव प्रवर्गासाठी ९०० रुपये होते. एकच मुलगा वर्षभरात अशा चार-पाच भरत्यांचे अर्ज भरतो, दूरच्या जिल्ह्यातील केंद्रावर आदल्या रात्रीच्या एसटीने जातो आणि घरी परतल्यावर पेपरफुटीची बातमी वाचतो. सार्वजनिक परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्ध केंद्राने आणि महाराष्ट्राने २०२४ मध्ये कायदे केले, ही चांगली गोष्ट झाली. आता पक्षाने सांगायला हवे ते भरतीचे वार्षिक वेळापत्रक, म्हणजे कोणत्या महिन्यात जाहिरात आणि कोणत्या महिन्यात नियुक्तिपत्र. वय उलटून चाललेल्या उमेदवाराला पदांच्या संख्येइतकीच तारीखही महत्त्वाची असते.

मोठ्या गुंतवणुकीच्या करारांमधून रोजगार येतो का?

येतो, पण करारातून येत नाही, चालू झालेल्या कारखान्यातून येतो. सामंजस्य करार हा साधारणपणे इरादा नोंदवणारा कागद असतो. त्यानंतर भूखंड वाटप, ताबा, बांधकाम परवानगी, वीज व पाणी जोडणी, यंत्रसामग्री आणि उत्पादनाची सुरुवात असे टप्पे येतात. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले आणि राज्याच्या औद्योगिक विस्ताराचे मोठे श्रेय त्याला आहे. तरीही अनेक औद्योगिक वसाहतींत कुंपण घातलेले, गवत वाढलेले भूखंड दिसतात आणि त्यांच्यासमोरच्या टपरीवर जवळच्या गावातील आयटीआय झालेली मुले चहा घेत बसलेली असतात. पक्षाने किती कोटींचे करार झाले हे सांगितले, तर त्यातील किती भूखंडांवर उत्पादन सुरू झाले, हा पुढचा प्रश्न विचारावा.

गुंतवणूक आणि रोजगार यांचे प्रमाण उद्योगानुसार फार बदलते. हजारो कोटींच्या डेटा सेंटरला कायमस्वरूपी माणसे थोडीच लागतात, तर त्याहून कितीतरी कमी भांडवलात तयार कपड्यांचे, चामड्याचे किंवा फळप्रक्रियेचे कारखाने शेकडो हातांना काम देतात. राज्यात १९६४ पासून उद्योगांना सवलती देणारी सामूहिक प्रोत्साहन योजना आहे आणि मागास तालुक्यांना जास्त सवलती मिळतात. ही सवलत केवळ गुंतवलेल्या रकमेवर मोजायची की प्रत्यक्ष पगारपटावरील माणसांवरही, हे धोरणाचे खरे मर्म आहे. पक्ष यावर काय म्हणतो ते पाहिल्याशिवाय त्याचे औद्योगिक धोरण कळले असे समजू नये.

पक्ष बंद पडणाऱ्या उद्योगांविषयी का बोलत नाहीत?

कारण गेलेली नोकरी कोणत्याच बेरजेत धरली जात नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते आणि त्यानंतर गिरण्या एकेक करून मिटत गेल्या. कामगारांना दुसऱ्या कामाचे प्रशिक्षण, देणी आणि घर यांचा विचार वेळेवर झाला नाही. रोजगार निर्मितीच्या प्रत्येक धोरणात रोजगार जाण्याच्या वेळेचे एक प्रकरण असायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्थानिकांना ८० टक्के नोकऱ्या देण्याचे आश्वासन टिकते का?

ते कसे लिहिले आहे यावर अवलंबून आहे. हरयाणाने खासगी क्षेत्रात महिना ३०,००० रुपयांपर्यंतच्या नोकऱ्यांत ७५ टक्के स्थानिकांसाठी राखीव ठेवणारा कायदा केला होता. पंजाब व हरयाणा उच्च न्यायालयाने १७ नोव्हेंबर २०२३ रोजी तो घटनाबाह्य ठरवून रद्द केला. सरकारी नोकरीत रहिवासाची अट घालण्याचा अधिकार अनुच्छेद १६(३) नुसार फक्त संसदेला आहे. महाराष्ट्रात ८० टक्के स्थानिकांचा आग्रह शासन निर्णयांतून आणि उद्योगांच्या प्रोत्साहनांशी जोडून धरला गेला आहे. सवलत घेणाऱ्या उद्योगाला अट घालणे आणि सर्व खासगी उद्योगांवर कायद्याने सक्ती करणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या मार्गात तपासणीची व्यवस्था कमकुवत असते, दुसऱ्या मार्गात न्यायालयाची अडचण येते. आश्वासन देणाऱ्याने आपला मार्ग कोणता हे सांगावे.

स्वयंरोजगारासाठी कर्ज मिळाले म्हणजे रोजगार मिळाला असे धरावे का?

कर्ज हे साधन आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेत शिशु गटाची मर्यादा ५०,००० रुपये आहे आणि एवढ्या रकमेत बहुतेक वेळा आधीपासून चालू असलेला छोटा धंदा थोडा वाढतो. केंद्राचा पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम आणि राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम यांत अनुदानासह कर्ज मिळते. या योजनांनी अनेक कुटुंबे उभी राहिली आहेत, हे मान्य करायलाच हवे. पण एका गावात दोन पिठाच्या गिरण्या चालू असताना कर्ज काढून तिसरी सुरू झाली, की तिघांच्याही गिऱ्हाइकात फूट पडते आणि मंजुरीच्या यादीत मात्र एक रोजगार वाढलेला दिसतो. तारण न घेता कर्ज द्यावे असा नियम असूनही बँकेत जामीनदार आणण्यास सांगितले जाते, ही तक्रार तर सगळीकडे ऐकू येते. धोरणात मंजूर कर्जांच्या आकड्यासोबत तीन वर्षांनंतर चालू असलेल्या धंद्यांचा आकडा देण्याची तयारी असावी.

प्रशिक्षण आणि विद्यावेतनाच्या योजनांतून कायम नोकरी मिळते का?

सहसा त्यांत तसे वचन नसते. राज्याने २०२४ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णांना ६०००, आयटीआय किंवा पदविकाधारकांना ८००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये दरमहा विद्यावेतन ठरले आणि सुरुवातीला मुदत ६ महिन्यांची होती. मुदत संपल्यावर पुढे काय, हा प्रश्न प्रशिक्षणार्थींनीच उभा केला आणि तो रास्त होता. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ पासून आहे. ३० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने मनुष्यबळाच्या अडीच ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेत, असे त्याचे नियम सांगतात. नवी योजना जाहीर करण्याआधी याच नियमाची अंमलबजावणी जिल्हानिहाय तपासली, तर पैसा कमी लागेल आणि कारखान्यातले खरे काम मुलांच्या हाताखालून जाईल.

महिलांच्या रोजगाराबद्दलचे आश्वासन तपासण्याची वेगळी पद्धत आहे का?

आहे. महिलांचा श्रमबलातील सहभाग २०१७-१८ मधील २३.३ टक्क्यांवरून २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्क्यांपर्यंत वाढला, पण काम करणाऱ्या महिलांपैकी एक तृतीयांशाहून अधिक महिला घरच्या शेतात किंवा धंद्यात बिनपगारी मदतनीस म्हणून नोंदल्या गेल्या. म्हणजे सहभागाचा आकडा वाढला तरी हातात येणारा पैसा त्या प्रमाणात वाढेलच असे नाही. बचत गटांना कर्ज आणि शिलाई यंत्रांचे वाटप यांपलीकडे पक्ष काय म्हणतो ते पाहावे. पाळणाघर, कामावर नेणारी बस, सुरक्षित वसतिगृह आणि समान मजुरी, या चार बाबींवर किती तरतूद आहे यावरून आश्वासनाची खोली कळते. २००५ च्या कायद्यात कामाच्या ठिकाणी सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील तर त्यांना सांभाळण्यासाठी एका महिलेची नेमणूक करण्याची तरतूद होती. बहुतेक कामांवर मुले झाडाला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीतच राहिली.

डिलिव्हरी आणि टॅक्सी ॲपवर काम करणाऱ्यांसाठी कोणते धोरण योग्य ठरेल?

महाराष्ट्राने याचे उत्तर ५५ वर्षांहून अधिक काळापूर्वी शोधले होते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. बाजारपेठेतील हमालांना एक मालक नव्हता. आज या गाळ्यावर, उद्या त्या गाळ्यावर, असे त्यांचे काम चाले. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढ्यानंतर १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. त्यानुसार कामगार आणि मालक दोघांची मंडळाकडे नोंदणी होते, मजुरी मंडळाकडे भरली जाते, मालकाकडून तिच्यावर ठरावीक लेव्ही घेतली जाते आणि त्यातून भविष्य निर्वाह निधी, उपदान (ग्रॅच्युइटी), आजारपणातील सोय भागवली जाते. मालक बदलला तरी कामगाराचे खाते तेच राहते.

ॲपवरील कामगाराची अडचण अगदी हीच आहे. राजस्थानने २०२३ मध्ये अशा कामगारांसाठी मंडळ आणि व्यवहारावरील शुल्क यांची तरतूद करणारा कायदा केला. माथाडी मंडळांत पुढे गैरप्रकार शिरले, बोगस नोंदणीच्या आणि खंडणीच्या तक्रारी आल्या, हे खरे आहे आणि नवी रचना करताना ते टाळावे लागेल. तरीही या विषयावर धोरण लिहिणाऱ्या कोणत्याही पक्षाने आपल्या राज्यातील ही जुनी वाट आधी नीट चालून पाहावी.

उमेदवार प्रचाराला दारात आला, तर रोजगाराबाबत त्याला काय विचारावे?

सगळे विचारायला वेळ मिळत नाही. म्हणून आपल्या घराशी संबंधित एकच आश्वासन निवडावे आणि त्यावर विचारावे, की हे काम कोणत्या खात्याकडे आहे, अर्ज कोठे द्यायचा, किती दिवसांत उत्तर मिळणार आणि उत्तर आले नाही तर कोणाकडे जायचे. उमेदवाराला लगेच उत्तर देता आले नाही तर राग धरू नये, त्याने चौकशी करून कळवावे असे सांगावे आणि आपला दूरध्वनी क्रमांक द्यावा. कळवणारे काही जण निघतात.

निवडणुकीनंतर या आश्वासनांचा पाठपुरावा कसा करावा?

राज्याचा अर्थसंकल्प साधारणपणे मार्चमध्ये मांडला जातो. आश्वासनाचा पहिला खरा पुरावा तेथे सापडतो, कारण योजनेसाठी लेखाशीर्ष (अर्थसंकल्पातील खर्चाचे स्वतंत्र खाते) उघडले आणि रक्कम ठेवली तरच ती चालणार असते. त्यानंतर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ वापरावा. अर्जाचे शुल्क १० रुपये आहे आणि उत्तर ३० दिवसांत यायला हवे. "रोजगार किती निर्माण झाला" असा मोघम प्रश्न विचारला तर मोघम उत्तर येते. त्याऐवजी आपल्या तालुक्यातील एका कार्यालयातील मंजूर पदे, भरलेली पदे आणि रिक्त पदे संवर्गानुसार मागावीत, आपल्या जवळच्या औद्योगिक वसाहतीतील वाटप झालेले आणि उत्पादन सुरू झालेले भूखंड मागावेत, आणि आपल्या ग्रामपंचायतीत मागील १२ महिन्यांत कामाच्या मागणीचे किती अर्ज आले व त्यांपैकी किती अर्जांवर तारखेसह पोचपावती दिली गेली, त्या पावत्यांच्या प्रती मागाव्यात. या तिसऱ्या अर्जाची नुसती पोच मिळाल्यावर पुढच्या आठवड्यापासून पावत्यांवर तारखा पडू लागल्याचे एका गावात मी पाहिले आहे.